बोमन ग्रेवरची क्लॅश: तिथे प्रत्यक्ष असलेल्यांनी जरा सांगा

कोपऱ्यातली_सीट यांचा प्रश्न:

रविवारी, २ फेब्रुवारी २०२५ ला विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियमवर नॅसकारची (अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती) क्लॅश झाली, म्हणजे मोसमाआधीची, पॉइंट्स नसलेली शर्यत. मी टीव्हीवर पाहिली आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा सुरू आहे. आपल्यात नॅसकार बघणारे मूठभरच, पण नॉर्थ कॅरोलायनात राहणारं कुणीतरी गेलं असेल अशी आशा आहे.

मी लॉस एंजेलिसचा. २०२२ मध्ये क्लॅशने डेटोनाचा ट्रॅक सोडला आणि ती आमच्या कोलिझियम स्टेडियममध्ये आली, तेव्हा प्रत्यक्ष पाहिली होती. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर डांबर घालून पाव मैलाचा तात्पुरता ट्रॅक केला होता. नेक्स्ट जेन नावाच्या नव्या पिढीच्या गाडीची ती पहिलीच शर्यत. जोई लोगानो जिंकला. सुरू होण्याआधी पिटबुलचं गाणं, मध्यंतरात आइस क्यूब. माझ्या आसपासच्या बऱ्याच जणांना कोण चालवतंय, किती लॅप्स आहेत, काही ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं. मजा आली, खोटं कशाला बोलू? पुढच्या वर्षी आदळाआदळीमुळे शर्यत रोखणारे पिवळे झेंडेच इतके निघाले की वैताग आला. २०२४ ला पावसाच्या अंदाजामुळे सगळं शनिवारीच उरकलं, लोकांना फुकट आत सोडलं, आणि आमच्या शहरातला तो खेळ तिथेच संपला.

आता बोमन ग्रे. जागाही फुटबॉलचं स्टेडियम, ट्रॅकही पाव मैलाचाच. म्हणजे कागदावर तीच गोष्ट. पण शर्यतीआधी सगळीकडे असं वातावरण की जणू काही देवाची पालखी निघाली आहे. प्रत्यक्षात टीव्हीवर काय दिसलं? चेस एलियट पुढे, बाकीचे मागे. २०० पैकी १७१ लॅप्स एकट्याने आघाडीवर. आणि तरी तिथले लोक उभे राहून ओरडतायत.

तर प्रश्न असे. तिथे बसून शर्यत वेगळी दिसत होती का? लोक नक्की कशासाठी ओरडत होते? आणि क्लॅश पुन्हा तिथेच झाली तर मी विमानाचं तिकीट काढून यावं का, की घरी सोफ्यावर बरा आहे?

---

सुसाट_वारा:

सोफ्यावर बरा आहेस.

मी टॅलाडेगा आणि डेटोनाच्या मोठ्या, वेगवान ट्रॅकवरच्या शर्यती बघून वाढलेला प्रेक्षक आहे. १९७९ मध्ये क्लॅश सुरू झाली तेव्हा कल्पना सुंदर होती. आदल्या वर्षी ज्यांनी पोल (सगळ्यात पुढून सुरू करायची जागा) पटकावले तेवढेच ड्रायव्हर, डेटोनाचा अडीच मैलांचा ट्रॅक, फक्त २० लॅप्स, पायाखाली ॲक्सिलरेटर आणि जिंकेल त्याला पैसे. बडी बेकर जिंकला होता पहिली. संपली शर्यत. कुणालाही समजावून सांगावी लागत नव्हती.

आता चार हीट्स म्हणजे छोट्या पात्रता शर्यती, मग उरलेल्यांसाठी लास्ट चान्स, मग एक जागा आदल्या मोसमाच्या पॉइंट्सवर, मग १०० लॅप्सनंतर विश्रांती. इतकं करून पदरात काय? चॅम्पियनशिपचा एक पॉइंट नाही. ६७० हॉर्सपॉवरच्या गाड्या घेऊन एकमेकांच्या बंपरला ढुशा द्यायच्या. मॉलच्या पार्किंगमध्ये जागा शोधताना मी याहून जोरात जातो.

रायन ब्लेनी शेवटून म्हणजे २३ व्या जागेवरून निघून दुसरा आला, हे एक मान्य. ती गाडी बघायला मजा आली. बाकी जागा छोटी, शर्यत छोटी, गवगवा मोठा.

---

विन्स्टनची_मावशी:

सुसाटराव, तुमच्या पार्किंगच्या गोष्टीवर नंतर येते.

कोपऱ्यातली सीट, मी होते तिथे. शनिवारी हीट्सनाही आणि रविवारीही. मी विन्स्टन-सेलमलाच राहते, आणि क्लॅश यायच्या कितीतरी आधीपासून बोमन ग्रेला जाते. माझ्या नवऱ्याला यात काडीचा रस नाही. मला हे वेड ऑफिसातल्या मैत्रिणीने लावलं. तिचं अख्खं घराणं एकाच रांगेत बसतं, तिच्या आजोबांपासून. इथे एप्रिल ते ऑगस्ट शनिवारी रात्री शर्यती असतात. कप, म्हणजे नॅसकारची सगळ्यात वरची मालिका, नव्हे, मॉडिफाइड. उघड्या चाकांच्या, बुटक्या, रुंद टायरांच्या गाड्या. चालवणारे आठवडाभर गॅरेजमध्ये किंवा दुकानात काम करतात आणि शनिवारी एकमेकांचे दात पाडायला येतात. या जागेला 'मॅडहाउस' म्हणतात ते उगाच नाही. १९४९ पासून हे चालू आहे. बिल फ्रान्स सीनियर आणि ॲल्विन हॉकिन्स यांनी सुरू केलं. नॅसकारचा दर आठवड्याला शर्यती होणारा हा सगळ्यात जुना ट्रॅक.

म्हणून पहिली गोष्ट. 'नवीन जागा' हे तुमच्या टीव्हीवाल्यांचं. १९५८ ते १९७१ कपच्या शर्यती इथे होतच होत्या. रिचर्ड पेटीने शंभरावा विजय इथेच मिळवला, १९६९ मध्ये. मग मोठ्या शर्यती मोठ्या ट्रॅकवर गेल्या आणि इथे मॉडिफाइड राहिले. कप गेला तरी लोक गेले नाहीत, हे ध्यानात घे. कोलिझियममध्ये तुमच्याकडे ट्रॅकही आणून टाकावा लागला आणि प्रेक्षकही गोळा करावे लागले. इथे दोन्ही जागेवर होते. फक्त गाड्या आल्या.

लोक कशासाठी ओरडत होते, म्हणतोस. खरं सांगू? मुख्य शर्यत सुरू व्हायच्या आधीच निम्म्या स्टेडियमचा घसा बसला होता. लास्ट चान्सची ७५ लॅप्सची शर्यत टीव्हीवर तू बघितलीस की नाही? त्यात आमचे दोघे होते, टिम ब्राउन आणि बर्ट मायर्स. बाहेरच्यांना ही नावं माहीत असायचं कारण नाही. पण इथे घराघरात दोन पक्ष आहेत. ब्राउनने या ट्रॅकची मॉडिफाइडची चॅम्पियनशिप बारा वेळा जिंकली आहे. तो नोकरी करतो रिक वेअर रेसिंगच्या वर्कशॉपमध्ये, म्हणजे कपच्याच एका टीममध्ये. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी गाड्या जुळवल्या आणि वयाच्या पन्नाशीनंतर त्याच टीमने कपची गाडी त्याच्या हातात दिली. माझी मैत्रीण आणि मी मायर्सवाल्या. तिचा मेहुणा ब्राउनवाला. त्याला आम्ही रांगेच्या पार टोकाला बसवतो.

आणि मायर्स म्हणजे नुसता एक ड्रायव्हर नाही. बर्टचे आजोबा बिली मायर्स आणि त्यांचा भाऊ बॉबी, दोघेही रेसर. बॉबी १९५७ मध्ये डार्लिंग्टनला सदर्न ५०० मध्ये गेला. पुढच्याच वर्षी बिली इथे, याच ट्रॅकवर, गाडी चालवताना हृदयविकाराने गेला. त्या दोघांच्या नावाने इथे पुढे शर्यत भरायची. त्या घरातला नातू कपच्या गाडीत बसून बाहेर आला तेव्हा माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण, जी एरवी अर्वाच्य बोलायला कमी करत नाही, एक अक्षर बोलली नाही.

दोघेही पात्र ठरले नाहीत. पहिले दोनच आत जायचे होते. कायल लार्सन आणि जॉश बेरी गेले. कसे ठरणार? गावच्या तालमीतल्या पैलवानाची जोड हिंदकेसरीशी लावली तर निकाल सगळ्यांना ठाऊकच असतो, तरी फड भरतो ना? त्यांनी लार्सनच्या गाडीच्या आसपास राहून गाडी चालवलेली बघायची होती. बघितली. बेरी आत गेला तेव्हा मैत्रिणीच्या वडिलांनी तरी टाळ्या वाजवल्या, कारण बेरी आता वुड ब्रदर्सची २१ नंबरची गाडी चालवतो. वुड ब्रदर्स इथून जवळच्या स्टुअर्ट, व्हर्जिनियाचे. ग्लेन वुडने कपच्या चार शर्यती जिंकल्या, आणि चारही या एकाच ट्रॅकवर. तर त्या म्हाताऱ्याच्या हिशेबात २१ नंबर घरचाच.

आता त्या वडिलांबद्दल, कारण तुला 'लोक कशासाठी' याचं खरं उत्तर तिथे आहे. ते १९७१ च्या ऑगस्टमध्ये इथे होते, पोरसवदा असताना, त्या वेळच्या शेवटच्या कप शर्यतीला. शर्यतीचं नाव मायर्स ब्रदर्स २५०. तेव्हा छोट्या ट्रॅकवर कपच्या गाड्या पुरेशा येत नसत, म्हणून ग्रँड अमेरिकन गटातल्या मस्टँग, कॅमारो वगैरे लहान गाड्या त्यांच्याबरोबर सोडत. बॉबी ॲलिसन फोर्ड मस्टँग घेऊन आला आणि जिंकला. रिचर्ड पेटी दुसरा. मग कागदावर भानगड झाली. लहान गाडीचा विजय कपचा कसा धरायचा? आणि पेटी तर दुसरा आलेला, त्याला तरी कसा द्यायचा? परिणाम असा की नॅसकारच्या अधिकृत यादीत त्या शर्यतीला विजेताच नव्हता! पन्नास वर्षांहून अधिक काळ. मैत्रिणीचे वडील दर मोसमात एकदा तरी हा विषय काढणार, समोर कोणीही असो. मी हा इतिहास पाठ म्हणू शकते तो त्यांच्यामुळे.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नॅसकारने तो विजय ॲलिसनच्या नावावर केला. त्याचे एकूण ८५ झाले. डॅरेल वॉल्ट्रिपच्या ८४ च्या पुढे, यादीत एकटा चौथा. आणि नोव्हेंबरच्या ९ तारखेला ॲलिसन वारला. जेमतेम अडीच आठवडे तो विजय त्याच्याजवळ राहिला, पण राहिला. तर रविवारी २३ गाड्या रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा आमच्या रांगेत कुणी एलियटकडे बघत होतं, कुणी ड्रायव्हर डेनी हॅमलिनला शिव्या घालत होतं (तो त्याचा हक्कच आहे, कुठेही गेला तरी मिळतात), आणि एक म्हातारा त्या ट्रॅककडे बघत होता ज्याच्यावर १९७१ नंतर पहिल्यांदा कपच्या गाड्या शर्यतीला उभ्या होत्या. हे टीव्हीवर कसं दिसणार?

मुख्य शर्यतीबद्दल. एलियट पुढे होता हे खरं, पण या ट्रॅकवर पुढे असणं म्हणजे मोकळा रस्ता नव्हे. पंधरा सेकंदांच्या आत एक फेरी होते. थोड्याच वेळात पुढच्याला शेपटाकडच्या गाड्या गाठतात, आणि त्यांना त्याला वाट द्यायची काही हौस नसते. आम्ही बसलो होतो तिथून अख्खा ट्रॅक एका नजरेत येतो. एलियटला बघायचं, मग मान न वळवता ब्लेनीला बघायचं. ब्लेनी एकेक गाडी गिळत येत होता. कॅमेरा तुला पुढच्या दोन गाड्या दाखवत राहिला असणार. मी त्या वेळी बहुधा बाराव्या की चौदाव्या जागेसाठी चाललेलं भांडण बघत होते आणि ते जास्त रंगतदार होतं.

एक तक्रार मात्र माझीही आहे. शनिवारच्या मॉडिफाइडला दोघांची गाठ पडली की हिशेब तिथल्या तिथे चुकता होतो. कधी बंपरने, कधी शर्यत संपल्यावर तोंडाने. रविवारी सगळे फार शहाण्यासारखे वागले. दोन आठवड्यांवर डेटोना ५०० ही मोसमाची पहिली मोठी शर्यत होती, कुणाला भांडण डोक्यावर घेऊन जायचं नव्हतं. लोकांनी मॅडहाउसचं नाव ऐकून जी मारामारी अपेक्षिली होती ती झाली नाही. मैत्रिणीचा मेहुणा म्हणाला, पाहुणे जेवायला बसल्यासारखे बसले.

आणि काळजीही आहे थोडी. नॅसकारने २०२४ मध्ये हा ट्रॅक चालवायचा करारच आपल्याकडे घेतला, २०५० पर्यंत. क्लॅशसाठी नवे सेफर बॅरिअर बसवले, ते चांगलंच झालं. काँक्रीटच्या भिंतीवर आपटणाऱ्या पोरांना आता तरी मऊ भिंत मिळाली. पण मोठी कंपनी आली की शनिवारच्या रात्रीचं काय होतं, यावर आमची रांग डोळा ठेवून आहे.

सुसाटराव, मॉलच्या पार्किंगमध्ये एकदा बर्ट मायर्सला मागे घेऊन फिरा. मग बोलू.

---

पाना_आणि_पक्कड:

मावशी, मस्त. मी शार्लट भागात राहतो, टीम्सची वर्कशॉप्स आसपासच आहेत, त्यामुळे गाड्यांच्या गप्पा कानावर पडतात. एलियट इतका पुढे का राहिला आणि मागून येणं इतकं कठीण का, एवढ्यापुरतं लिहितो.

बोमन ग्रे सपाट आहे. वळणावर उतार नाही, म्हणजे गाडीला आत ढकलायला ट्रॅक मदत करत नाही, जे करायचं ते टायरनेच. सुमारे ३,२०० पौंडांची गाडी. सरळ भाग इतका छोटा की ॲक्सिलरेटर दाबला न दाबला तोच ब्रेक. दिवसभर हेच. त्यामुळे इथे हॉर्सपॉवर असून नसल्यासारखी. जो वळणातून बाहेर पडताना मागची चाकं न घसरवता आधी गॅस देऊ शकतो तो जिंकतो. एलियटची गाडी तेच करत होती. रीप्ले काढून वळण संपतानाचं स्टिअरिंग बघा, त्याचे हात शांत आहेत, मागच्यांचे नाहीत.

नेक्स्ट जेनमुळे एक अडचण वाढली आहे. चाकं १८ इंची, टायर रुंद, ब्रेक दणकट. ब्रेक जितके चांगले तितकं सगळेच उशिरा ब्रेक लावतात आणि आत घुसायची फट तितकी लहान होते. जुन्या गाडीत ब्रेक लवकर थकायचे, मग ज्याने ते जपले तो शेवटी वर यायचा. आता तसं फार होत नाही. म्हणून ओव्हरटेक म्हणजे पुढच्याला हलकेच वर ढकलून आतली बाजू घेणं. बाहेरच्या बाजूला अडकलात तर आतून ओळीने चार-पाच गाड्या निघून जातात आणि तुम्ही बघत बसता.

दुसरीकडे याच गाडीमुळे ढुशा चालतात. बाहेरचं अंग कंपोझिटचं आहे. पूर्वीच्या पत्र्याच्या गाडीचा पत्रा आत वळून टायर कापायचा आणि खेळ खलास. आता पॅनेल दबतं, परत येतं, गाडी चालू राहते.

ब्लेनीचं कौतुक यासाठी जास्त आहे. तो पात्रता फेऱ्यांतून आला नव्हता, आदल्या मोसमाच्या पॉइंट्सवर मिळणारी ती एक जागा त्याला मिळाली. शर्यत चालू असताना पिट स्टॉप नाहीत, म्हणजे टायर बदलून किंवा डाव खेळून पुढे यायची सोय नाही. पिवळ्या झेंड्याखालच्या लॅप्स मोजत नाहीत, त्यामुळे २०० म्हणजे खऱ्या २००. २३ व्या जागेवरून दुसऱ्या जागेपर्यंत प्रत्येक गाडी त्याने रस्त्यावरच मागे टाकली.

कोलिझियमशी तुलना करायची तर आणखी एक फरक. तिथलं डांबर तात्पुरतं. नवं कोरं, खाली मैदान झाकलेलं. कुणाकडे तिथल्या जुन्या नोंदी नव्हत्या. बोमन ग्रेवर एकेका वळणाची पकड कुठे आहे हे ब्राउनसारख्याला झोपेत सांगता येईल. तरी ते त्याला कपच्या गाडीत पुरलं नाही. मॉडिफाइड हलकी असते आणि तिची चाकं ड्रायव्हरला दिसतात. कपच्या गाडीत आपला उजवा पुढचा कोपरा कुठे संपतो याचा अंदाज बांधावा लागतो. थोड्याशा सरावावर ते अंगात कसं येणार?

---

सुसाट_वारा:

पाना, हे वाचून ब्लेनीबद्दलचा आदर वाढला. मावशी, ॲलिसनची गोष्ट मला अर्धीच माहीत होती. ८४ की ८५ हा वाद ऐकला होता, मस्टँगचं कारण आज कळलं.

तरी माझं म्हणणं सोडत नाही. तुमची रांग, तुमचा ब्राउन-मायर्स, ते सगळं लास्ट चान्समध्येच संपलं. मुख्य शर्यतीत तुमचं कोण होतं? मग नॅसकारने थेट असं का करू नये, की स्थानिक चॅम्पियनला एक जागा राखून ठेवा? पॉइंट्स नाहीतच, मग कुणाचं काय जातं? पॉइंट्सवर एकाला आत घेतलंच ना? दुसरी जागा ट्रॅकच्या चॅम्पियनला द्या. मग मी स्वतः तिकीट काढून येतो.

---

विन्स्टनची_मावशी:

सुसाटराव, ही सूचना आमच्या रांगेत एकमताने मंजूर होईल. ब्राउनवाला मेहुणासुद्धा हात वर करेल. मला एवढंच वाटतं की ती जागा दिली तर बर्टला नको असेल. त्याला लार्सनला मागे टाकूनच आत जायचं असेल. पण विचारायला काय हरकत आहे?

---

कोपऱ्यातली_सीट:

सगळ्यांचे आभार. पानाने सांगितल्यावर शर्यत परत लावली आणि या वेळी एलियट सोडून ब्लेनीवर नजर ठेवली. वेगळीच शर्यत निघाली! मात्र कॅमेरा त्याच्यावर फार वेळ थांबत नाही, हे मावशींचं म्हणणं शंभर टक्के खरं.

मला कोलिझियमबद्दल एक शब्द बोलू द्या. मावशी म्हणतात प्रेक्षक गोळा करावे लागले, ते बरोबर. पण त्या गोळा केलेल्यांतलाच मी एक आहे. आइस क्यूब बघायला म्हणून बायको आली होती, ती आता दर रविवारी माझ्या आधी टीव्ही लावते. २०२४ ला तिथेच मेक्सिको सिरीजचीही शर्यत झाली, डॅनियल सुआरेझ जिंकला, आणि आमच्या मागच्या ओळीतल्या मेक्सिकन कुटुंबाने जो दंगा केला तो मॅडहाउसला शोभला असता. २०२५ च्या जूनमध्ये कपची शर्यत मेक्सिको सिटीला ठरली, ती नुसती हवेतून आलेली नाही. तेव्हा आमच्या तात्पुरत्या डांबराला अगदीच नावं ठेवू नका.

आता कामाचं. क्लॅश पुन्हा तिथे होवो न होवो. मला वाटतं मी क्लॅशची वाट न बघता उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवारीच यावं. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला आणू का? आणि बसायचं कुठे?

---

विन्स्टनची_मावशी:

मुलीला आण, जरूर आण. कानाला चांगले इअरमफ हवेतच, बोळे नकोत. बोळे पोरं काढून टाकतात. स्टेडियम लहान आहे, १७ हजारांच्या आसपास माणसं मावतात, पण गाड्यांचा आवाज त्या वाडग्यात कोंडतो. सीट म्हणजे काँक्रीट आहे, बुडाखाली उशी आण. इथले लोक कुणी कुणाची उशी बघून हसत नाहीत, उलट नसेल तर कीव करतात.

वर बस. खाली जाळीजवळ बसण्याचा मोह होईल, पण खालून पलीकडच्या बाजूचं काही कळत नाही आणि टायरचा काळा चुरा केसांत जातो. वरून अख्खा ट्रॅक दिसतो. शिव्या ऐकू येतील, मुलीला इंग्रजी येतं याला माझा इलाज नाही. खायला बोलोनी सँडविच घ्यायचं, ते इथलं प्रसिद्ध. शाकाहारी असाल तर घरून जेवून या.

लवकर ये, मॉडिफाइडच्या आधी बाकीच्या गटांच्या शर्यती असतात, त्यात नवशिकी पोरं असतात आणि खरे गोंधळ तिथेच होतात. आणि येण्याआधी ठरव, ब्राउन की मायर्स. मधलं काही चालत नाही. ब्राउन म्हणालास तर बसायला जागा आहे, मेहुण्याच्या पलीकडे.

---

कोपऱ्यातली_सीट:

मुलीला दोघांच्या गाड्यांचे फोटो दाखवले. ती ब्राउन म्हणते.

---

विन्स्टनची_मावशी:

मेहुण्याला सांगते सरकून बसायला.